चारशे सतराचा बाप

"काय मेला चिमटा हाय हा! टोकाले टोक लागत नाई. कारखान्यातूनच वाकडे काढून राह्यले वाटते."

मावशी हे माझ्याशी बोलत नव्हत्या, चिमट्याशी बोलत होत्या. पण आमच्या दोघींमध्ये सोयाबीनची एकच ओळ होती, तीही गुडघ्याएवढी, त्यामुळे मला ऐकू येणं भाग होतं.

चिमट्यात काही दोष नव्हता. मीच तो गेल्या आठवड्यात नव्या डब्यातून काढून दिला होता. त्याची टोकं एकमेकांना व्यवस्थित भेटत होती. फक्त ती भेट कळीपासून बोटभर लांब होत होती.

"बदलून देऊ का, मावशी?"

"दे. आन् हे भिंगही पाय जरा. धुरकट झालं."

भिंग मी सकाळीच पुसलं होतं. पुन्हा पुसलं. पदराच्या टोकानं चांगलं घसघसून, आवाज येईल असं.

"हां," मावशी म्हणाल्या, "आता कसं लख्ख झालं."

आणि मान तिरपी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून त्या कळीकडे बघायला लागल्या. कोंबडी दाण्याकडे बघते तशी.

सत्यभामा इंगळे हे त्यांचं नाव. कारंज्याच्या अलीकडे फाट्यावर आमचं बीज-केंद्र आहे. तिथे त्या एकतीस वर्षं क्रॉसिंग करत होत्या, म्हणजे दोन वाणांचा संकर. सोयाबीनचं फूल मोठं आतल्या गाठीचं. उमलायच्या आधीच आतल्या आत स्वतःचं लग्न स्वतःशी लावून मोकळं होतं, वऱ्हाड नाही की वाजंत्री नाही. त्याचं लग्न दुसऱ्या घरी लावायचं तर आदल्या दिवशीच कळी गाठावी लागते. कळी साळीच्या दाण्याएवढी. तिचं हिरवं आवरण सोलायचं, पाकळ्या आणि दहाच्या दहा पुंकेसर एका ओढीत काढायचे, आणि मधला केसाएवढा स्त्रीकेसर मात्र जागेवर राहिला पाहिजे. त्याच्यावर दुसऱ्या वाणाच्या ताज्या फुलाचे पराग टेकवायचे. मग देठाला आपल्या रंगाचा दोरा बांधायचा. मावशींचा लाल, आमच्यासोबत क्रॉसिंगला बसणाऱ्या नर्गिसचा हिरवा, माझा पिवळा. दहांतल्या चार शेंगा धरल्या तर हात चांगला म्हणतात. मावशींच्या सहा धरायच्या.

मध्यंतरी केंद्रात हेच काम करणारा एक रोबोटचा हात आला होता. त्यानं दोन दिवसांत दोनशे कळ्यांचं पिठलं केलं. आता तो तायडेसरांच्या केबिनबाहेर असतो आणि छत्र्या धरतो.

डॉक्टर निशिकांत तायडे आमचे पैदासकार, म्हणजे नवीन वाण घडवणारे. आणि मी उज्ज्वला. बावीस वर्षांपूर्वी निंदणाला म्हणून आले. दहावी नापास, घरी बोलणारं कोणी नाही, त्यामुळे बोलायची सवयच गेलेली. मावशींनी हातातला विळा काढून घेतला आणि चिमटा दिला. ओळीवरच्या पाट्या मोठ्यानं वाचायला लावायच्या. "वाच वं. नंबर चुकला तं झाडाचा बाप बदलते." पाट्या वाचता वाचता मी नोंदवह्या वाचल्या, मग सरांची पुस्तकं, मग शब्दकोश पुढ्यात ठेवून इंग्रजी पुस्तकं. आज केंद्रातली सगळी आकडेमोड आणि यंत्रं माझ्याकडे आहेत. क्रॉसिंगच्या दिवसांत तरीही मी ओळीत बसते. मावशींच्या शेजारच्या.

मोतीबिंदू असता तर दहा मिनिटांचं काम होतं. मावशींच्या डोळ्याच्या पडद्याचा नेमका मधला ठिपका झिजत चालला होता. बाजूचं सगळं दिसतं. रस्ता, झाड, चूल, माणूस कुठून येतंय ते. ज्याच्याकडे बघावं तेवढंच दिसत नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मी वाचून आणि मावशींकडे बघून ओळखलं होतं. त्याच्यावर औषध आहे, पण ते सुरुवातीला घ्यायचं असतं, आणि सुरुवात कोणी कबूल करतं का?

मावशींनी केली नाही. मग आम्हीही केली नाही.

केंद्रात या गोष्टीबद्दल एक शब्द कोणी बोललं नव्हतं, पण अख्खं केंद्र तिच्याभोवती हळूहळू वाकलं होतं. तायडेसरांनी ओळींच्या पाट्या ताटाएवढ्या करून घेतल्या, "सगळ्यांच्या सोयीसाठी". शेडच्या पायरीला पांढरा रंग आला. नर्गिस मावशींजवळ जाताना वीस पावलांवरून गाणं गुणगुणत यायची, म्हणजे त्यांना नाव विचारावं लागू नये. क्रॉसिंग करणाऱ्यांची वर्षातून एकदा डोळ्यांची तपासणी सक्तीची आहे. त्या यादीतून मावशींचं नाव तीन वर्षं टायपिंगच्या चुकीनं गळत होतं. दरवर्षी तीच चूक. कारण डोळे गेले असं कागदावर आलं की क्रॉसिंग बंद, आणि क्रॉसिंग बंद की केंद्रातली खोलीही बंद. मावशींना त्या खोलीशिवाय कोणी नव्हतं. सुरतेला एक पुतण्या होता, तो संक्रांतीला तिळगुळाचं चित्र पाठवायचा.

आणि माझं नि नर्गिसचं काम वेगळं. साडेनऊला मावशी सगळ्यांचा चहा ठेवायला शेडमध्ये जायच्या. तेवढ्या अर्ध्या तासात मी आणि नर्गिस त्यांच्या ओळीत शिरायचो. चुरगळलेल्या कळ्या काढून टाकायच्या, शेजारची कळी धरून तोच क्रॉस पुन्हा करायचा आणि वर लाल दोरा. लाल रीळ माझ्या पोलक्यात लपवलेलं असायचं. गेल्या वर्षी मावशींच्या दहात सात शेंगा धरल्या. पंधरा ऑगस्टला सरांनी झेंड्याखाली त्यांचं नाव घेऊन टाळ्या वाजवायला लावल्या.

"बाप्पा, आपण जराशा जास्तच करून राह्यलो," नर्गिस टाळ्या वाजवत माझ्या कानात म्हणाली.

आता यंदा आलेल्या यंत्राबद्दल सांगते, कारण सगळं त्यानं उकरलं.

त्याआधी सोयाबीनचं मूळ भांडण माहीत पाहिजे. तायडेसर ते असं सांगतात: एका घरात तिघी जावा आणि तुपाचा डबा एकच. थोरली प्रोटीन, मधली तेल, धाकटी उत्पन्न. एकीनं हात मारला की दुसरीचं ताट कोरडं.

आणि यात सोयाबीनचा काही खोडसाळपणा नाही. दाण्यात प्रोटीन बनवायला नत्र लागतं. ते हवेतून पकडतात मुळांवरच्या गाठी, आणि या गाठी काही धर्मादाय काम करत नाहीत. पानांनी उन्हात रांधलेली साखर त्यांना रोज लागते. त्याच साखरेतून तेलही बनायचं असतं आणि दाण्यांची संख्याही भरायची असते. त्यात दाणे भरायच्या ऐन वेळी गाठी थकतात. दाणा मात्र मागतच राहतो. मग झाड काय करतं, स्वतःच्या पानांतलं नत्र उपसून दाण्याला देतं. पानं पिवळी पडतात, गळतात. चूलच मोडली म्हटल्यावर पुढचे दाणे भरणार कशावर? म्हणून प्रोटीन वाढलं की उत्पन्न पडतं. सोयाबीनच्या वीस गुणसूत्रांपैकी विसाव्यावर एक जागा आहे. तिथे जंगली पूर्वजांचा धागा असला की प्रोटीन चढतं, तेल आणि उत्पन्न खाली येतं. जगभरच्या लोकांनी पन्नास-साठ वर्षं या एका जागेवर डोकं आपटलं आहे.

आणि आता तर भांडण घराबाहेर आलेलं. शाळेच्या पोषण आहारात सोयाचं पीठ सक्तीचं झाल्यापासून सरकारला प्रोटीन हवं, गिरणीवाल्यांना तेल हवं, आणि शेतकऱ्याला एकरी पोती हवीत. तिघांचंही बरोबर.

अशात आमच्या शेतात चारशे सतरा नंबर उगवला.

तीन वर्षांपूर्वीच्या क्रॉसमधला एक दाणा. आमच्याकडे एक काचघर आहे, तिथे दिवसाचे बावीस तास तांबडा-निळा उजेड ठेवून झाडांना झोपू देत नाहीत. वर्षाला चार पिढ्या निघतात. बाया त्याला जागरणाची खोली म्हणतात. तिथून बाहेर पडून चारशे सतरा मागच्या खरिपात वावरात लागला आणि सरांनी आकडे तीनदा मोजायला लावले. प्रोटीन शेकडा सेहेचाळीस. तेल एकोणीस, म्हणजे जिथल्या तिथे. आणि एकरी बारा क्विंटल, जिथे असलं प्रोटीनवालं वाण सहावर रडतं. तिघी जावा एका पंगतीत, आणि तिघींची ताटं भरलेली.

सर त्या दिवशी केबिनमधून बाहेर आले, बांधावर बसले आणि चप्पल काढून पाय मातीत घातले. मग म्हणाले, "वहीत काय लिहिलंय?"

मी वही उघडली. "मादी वाण नंबर बारा, नर एकतीस. दोरा लाल."

"मावशी," सर म्हणाले आणि उठून मावशींच्या पाया पडले. मावशी इतक्या लाजल्या की पदर दातात धरला. चारशे सतरा म्हणजे मावशींचं लेकरू, हे त्या दिवशी ठरून गेलं. त्या रोज सकाळी कामाच्या आधी त्या प्लॉटमध्ये जायच्या आणि शेंगांवरून हात फिरवायच्या, बाळंतिणीच्या खोलीतून जाऊन आल्यासारख्या.

आणि या जूनमध्ये यंत्र आलं.

दिसायला पिठाच्या चक्कीएवढं. दाण्याचा नखभर तुकडा कापून घेतं, अंकुराला धक्का लावत नाही, दाणा पुन्हा पेरता येतो. त्या तुकड्यातली जनुकं वाचून चाळीस मिनिटांत सांगतं की या दाण्याच्या झाडाला प्रोटीन किती असेल, तेल किती, उत्पन्न किती. एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. ते आई-बापही सांगतं. केंद्रात आजवर लागलेल्या अकराशे चाळीस वाणांची जनुकं त्याच्या पोटात आहेत. दाणा बघायचा आणि हा कोणाचा, नाक कोणाचं, रंग कोणाकडून आला, सगळं न विचारता मोठ्यानं सांगायचं. लग्नात खुर्ची धरून बसलेली आत्याबाई करते तसं. नर्गिसनं पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, आत्याबाई.

आठ ऑक्टोबरला वाण नोंदवणारी समिती येणार होती. सप्टेंबरमध्ये मी कागदपत्रांसाठी चारशे सतराचा दाणा आत्याबाईपुढे ठेवला. चाळीस मिनिटांनी पडद्यावर आलं:

आई: बारा. जुळते.
बाप: एकतीस. जुळत नाही. यादीत नाही.

मी तीन दाणे तीनदा लावले. आत्याबाई तीनदा तेच म्हणाली.

सरांचा चेहरा उतरला. "उज्ज्वला, याचा अर्थ कळतो ना? बाहेरचा पराग आलाय. उद्या तो कोणाच्या मालकीच्या वाणाचा निघाला तर चोरीचा आळ. बाप सांगता आला नाही तर नोंदणी नाही. आणि नुसती नोंदणी नाही असं नाही, नियमानं प्लॉट मुळासकट उपटून जाळायचा."

मावशींना हे शेडमध्ये सांगितलं तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. मान वर केली नाही.

"तुमची आत्याबाई खोटं बोलते," त्या म्हणाल्या. "बारा आन् एकतीस. मी लावलं म्हंजे लावलं."

 नर्गिसनं धुतलेला डबा पुन्हा धुवायला घेतला. मी भाजीतलं गवत काढायला मावशींच्या शेजारी बसले. त्यांनी निवडलेल्या भाजीत निम्मं गवतच होतं.

पुढचे दहा दिवस माझा जेवणात जीव नव्हता. चूक माझी की नर्गिसची, कोणती, कधी, काहीच आठवेना. तीन वर्षांत शेकडो कळ्या आम्ही त्या अर्ध्या अर्ध्या तासांत उरकल्या होत्या.

उत्तर सापडलं ते डबा खाताना. आमच्या वावराच्या पश्चिमेच्या बांधावर बाया स्वतःसाठी काळं सोयाबीन लावतात. नर्गिसच्या सासूच्या माहेरचं बी, कोणत्याच यादीत नसलेलं. केंद्राच्या नियमात ते बसत नाही, पण सरांना बांधाकडे बघायची सवय नाही. सप्टेंबरअखेर त्याच्या हिरव्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडायच्या आणि दातानं ओढून दाणे खायचे. त्या दुपारी मी तशीच शेंगा ओढत बसले होते. समोर सगळं वावर पिवळं पडलेलं. प्रत्येक प्लॉट आपली पानं खाऊन दाणे भरत होता. हिरवं फक्त चारशे सतरा होतं.

आणि मी टेकले होते तो बांध.

शेंग तोंडात तशीच राहिली. मी बांधावरचं एक झाड उपटलं. मूळ झटकलं. मुळावरच्या गाठी टपोऱ्या, आणि नखानं फोडली तर आत लालभडक. जिवंत. बाकीच्या वावरात या दिवसांत गाठी करड्या पडून पोकळ झालेल्या असतात. या झाडाच्या गाठी शेवटच्या दाण्यापर्यंत कामावर होत्या. म्हणून त्याला पानं मोडावी लागत नव्हती.

मग तो दिवस आठवला. तीन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट, पावसानं ओढ दिलेली, ऊन चटके देणारं. मावशींच्या ओळीत फार कळ्या गेल्या होत्या. सगळ्या पुन्हा करून शेवटची हातात धरली तोवर दहा वाजून गेलेले आणि एकतीस नंबरची फुलं मिटून वाळलेली. मादी सोलून तयार, पराग नाही. चहाला हाक आली. बांध हाताच्या अंतरावर होता. त्याच्यावर काळ्याचं एक जांभळं फूल अजून ताजं होतं. एकतीसचंही फूल जांभळंच, म्हणजे क्रॉस ओळखायला बघतात तो रोपाचा देठही जांभळाच निघेल, कोणाला शंका येणार नाही. पुढच्या पिढ्यांत नको ते निघालं तर सर फेकून देतील. तेव्हा आत्याबाई नव्हती. मी ते फूल तोडलं, टेकवलं, लाल दोरा बांधला आणि चहाला गेले. एका शेंगेसाठी. मावशींच्या वहीत एक शेंग कमी दिसू नये म्हणून.

मुळासकट झाड घेऊन मी सरांच्या केबिनमध्ये गेले. छत्र्यांच्या हाताला धक्का लागून दोन छत्र्या पडल्या.

"सर, हा चारशे सतराचा बाप."

सरांनी झाडाकडे पाहिलं, गाठींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. पान आत्याबाईला दिलं. चाळीस मिनिटं आम्ही दोघं समोरासमोर बसून टेबलावरची माती गोळा करत होतो.

बाप: जुळतो.

सर मोठ्यानं हसले. खुर्चीतून उठून खिडकीपर्यंत गेले, परत आले. "बांधावर! अगं, सगळं जग जीन कापून-चिकटवून थकलं. आणि तुम्ही बाया मीठ लावून खात होता?"

"चांगलं लागते, सर."

"पण हे मावशींनी कसं काय..." ते थांबले.

"मावशींनी नाही," मी म्हणाले. "म्हणजे त्या वेळी चहा... आणि त्यांचं ते भिंग..."

"हो," सर घाईनं म्हणाले. "भिंग."

"भिंग खराबच होतं."

"मीच नवीन मागवायला पाहिजे होतं."

भिंगाबद्दल आम्ही आणखी थोडा वेळ बोललो. मग सरांनी समितीचा फॉर्म काढला. त्यात एक पान संकर करणाऱ्याचं निवेदन होतं: कोणतं फूल, कुठलं, कोणी लावलं, खाली सही.

"दोरा लाल आहे," सर फॉर्मकडे बघत म्हणाले. "मावशींनी सही केली की झालं. हे त्यांचंच आहे ना. सगळं केंद्र मानतं."

"सर, पण लावलं मी."

"कळलं मला. मग लाल दोरा तुझ्याकडे कसा, हे लिहावं लागेल. आणि ते लिहिलं की का, हे लिहावं लागेल." त्यांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. "तू वाचून दाखव त्यांना. तुझं ऐकतात."

मी मान डोलावली. मलाही तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू. एका सहीत चारशे सतरा वाचत होतं, मावशींची खोली वाचत होती, आणि माझं तोंड मिटलेलं राहत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेडमध्ये मावशी गोणपाटावर बसल्या होत्या. नर्गिस होती, सर होते. सरांनी पेढे आणले होते, पण पुडा उघडला नव्हता.

"चश्मा खोलीवर राह्यला," मावशी नेहमीसारखं म्हणाल्या. "वाच वं, उज्ज्वले."

मी वाचलं. केंद्राचं नाव, वाणाचा नंबर, तारीख. "‘मी, सत्यभामा श्रीराम इंगळे, असे लिहून देते की सदर संकर मी स्वहस्ते केला असून, नर म्हणून नोंदलेल्या एकतीस क्रमांकाऐवजी बांधावरील काळ्या सोयाबीनचे फूल वापरले.’"

"थांब."

मी थांबले.

"मी? बांधावरचं फूल?"

"मावशी," सर पुढे सरकले, "चूक असली तरी सोन्याची चूक आहे. तुमचं नाव राहील वाणाला. नुसती सही—"

"एकतीस वर्षं झाली साहेब मले या कामात. लेकीचं लगन जमवतानी सोयरिक पाहत नाई माणूस तेवढी मी फुलाची पाहतो. उन्हात फूल सुकलं तं मी कळी सोडून देतो. शेंग नाई धरली तं नाई धरली. बांधावरचं उचलून लावाले मी का आंधळी—"

शब्द तोंडातून निघून गेला.

सर पेढ्यांच्या पुड्याची दोरी सोडायला लागले. नर्गिस उठून डब्यांकडे गेली. मी फॉर्म नीट घडी घालून पुन्हा उघडला.

मावशींनी हात पुढे केला. "दे ते."

मला वाटलं, सही करणार. पण त्यांनी फॉर्म घेतला आणि बाजूला, गोणपाटावर पालथा ठेवला. मग माझा हात धरला. त्यांचे हात क्रॉसिंगवाल्यांचे असतात तसे होते, बोटांच्या टोकांना रेशमासारखे.

"उज्ज्वले, मी दोऱ्याची गाठ डावीकून मारतो. आईनं तशी शिकवली. रोज संध्याकाळी मी माह्या ओळीतून हात फिरवत जातो, तुमाले माहीत नसन. बोटाले गाठ समजते. तीन वर्षं झाली, माह्या दोऱ्याच्या निम्म्या गाठी उजवीकून लागून राह्यल्या."

नर्गिसच्या हातातलं झाकण खाली पडलं. ते गरगर फिरलं आणि शेवटी बसलं.

"मी काई म्हटलं नाई," मावशी म्हणाल्या. "वाटलं, पोट्ट्या सांगतीन. आज सांगतीन, उद्या सांगतीन. साहेब पायरी रंगवते, ही येतानी गाणं म्हणते, तू पुसलेलं भिंग पुसते. सगळे लाडच करून राह्यले. मी मेलेली नाई वं, मी येथीच बसून हाव." त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "ते चारशे सतरा माह्यं नाई. चालते. ज्याचं हाय त्याच्या नावानं लिवा. जाळू नका म्हंजे झालं. पण माह्या हातून बांधावरचं फूल लागलं, असं मी लिहून देनार नाई."

"मावशी, बसा तुम्ही, पाणी घ्या," सर म्हणाले. त्या बसलेल्याच होत्या.

"पानी नको. मले एक सांगा." त्यांनी मान तिरपी केली नाही. सरळ माझ्याकडे तोंड केलं, म्हणजे त्यांच्या डोळ्यांपुढे जिथे काहीच नसतं, नेमकी तिथे मला ठेवलं. "माह्या ओळीत, माह्या दोऱ्यानं, तू काऊन काम करत होती?"

मी सरांकडे पाहिलं. ते पुड्याच्या दोरीकडे बघत होते. नर्गिसकडे पाहिलं. तिनं तोंडावर ओढणी धरली होती आणि मान हलवत होती, नको नको. बाहेर पिवळ्या वावरात चारशे सतरा हिरवंगार उभं होतं, आणि आठ तारखेला चार दिवस होते. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला चारशे सतराचं काही वाटत नव्हतं. मला वाटत होतं ते एवढंच, की हे माणूस तीन वर्षं रोज संध्याकाळी एकटं ओळीतून जात होतं, आमच्या गाठी मोजत, आणि कोणीतरी बोलेल म्हणून वाट बघत खोलीवर परतत होतं.

 मी त्यांचे हात दोन्ही हातांनी धरले.

"कारण तुम्हाले दिसत नाही, मावशी," मी म्हणाले. "तीन वर्षं झाली. तुम्हाले दिसत नाही."